माझं लोखंड, तुझी गाय

विमल, भांडण अर्धं टाकून निघून जायची तुझी खोड जुनीच. आपलं काही वाजलं की तू पदर खोचून बस्तीत, म्हणजे आपल्या जैन देवळात, जायचीस, देवापुढं बसायचीस, आणि परत आलीस की तुझ्याशी बोलायची सोय नसायची. तू शांत होऊन आलेली असायचीस आणि मी घरात तशीच धुमसत. या खेपेलाही तेच केलंस. फक्त परत आली नाहीस.

अजित म्हणाला, "काकू, आईवर काहीतरी लिहा. समाजाच्या मासिकात द्यायचं आहे." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, तुझ्या बायकोला सांग, ती शिक्षिका आहे. तर म्हणाला, "स्वातीनं लिहिलं तर आई सगळ्यांच्या सासवांसारखी दिसेल." तुझा मुलगा क्वचित शहाण्यासारखं बोलतो, तेव्हा ऐकावं. तुझं माहेर, तुझी पूजा, तुझी दानं, हे सगळं तो फोटोखाली छापणारच आहे. मी आपलं भांडण लिहिते. ते पुरं माहीत असणारी आता मी, तुझी जाऊ, एकटीच उरले.

भांडणाची सुरुवात माझ्या छातीपासून झाली. तेव्हा मी साठी ओलांडली होती. बस्तीच्या पायऱ्या चढले की छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. तू म्हणायचीस, "वजन कमी कर." मग एकदा मंडईतच मी पिशवीसकट बसले आणि तू मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते, म्हणाले, आणि तुमच्या झडपेवर चुना चढून ती ताठ झाली आहे, पुरी उघडत नाही.

"बंबाच्या तळाला चढतोय तसा व्हय?" तू विचारलंस.

"अगदी तसाच."

"मग घासून निघत न्हाय?"

"नाही, मावशी. बदलावी लागते."

मग त्यांनी दोन जाती सांगितल्या. एक धातूची. ती झिजत नाही, पण रक्त गोठून तिच्यावर बसू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि सारखं रक्त तपासावं लागतं. दुसरी जनावराच्या अंगातल्या पडद्याची. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही, पण ती काही वर्षांनी खराब होते. तुमच्या वयाला दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा, असं ते म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस.

"धातूची घाला. आमच्यात ते दुसरं चालत न्हाय."

डॉक्टरांनी तुझ्याकडं बघितलं. "पेशंट कोण आहे?"

"ही हाय. पर हिला काय कळतंय?"

मी गप्प बसले. एक तर बोलायला दम नव्हता. दुसरं म्हणजे खरंच मला कळत नव्हतं. आणि तिसरं, त्या दिवशी तू इतकी घाबरलेली होतीस की तुझ्या हातातली माझी चप्पल तू दवाखाना संपेपर्यंत खाली ठेवली नाहीस. तर माझ्या छातीत लोखंड बसलं ते तुझ्या शब्दानं. ते लोखंड नव्हे, कोळशाच्या जातीचं काहीतरी असतं, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. पण आपल्या घरात ते लोखंडच राहिलं.

त्या वेळी मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप घालायची सोय आपल्याकडं आलेली नव्हती. छाती उघडायची, हा एकच रस्ता. मधल्या हाडावर करवत चालवली, हृदय थांबवलं, तेवढा वेळ माझं रक्त यंत्रानं फिरवलं, जुनी झडप कापून काढली, नवी शिवली आणि हाड तारांनी बांधून टाकलं. हे मला कुणी सांगितलं नसतं तरी अंगाला कळलं असतं. शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती, पोटावर नळ्या होत्या, आणि खोकला आला की हाडाचे दोन तुकडे आपसांत घासतात असं वाटायचं. तू शेजारी उभी राहून म्हणायचीस, "उशी धर, अक्का. छातीला उशी दाब आन मग खोक." मी उशीला मिठी मारून खोकायचे आणि माझ्याऐवजी तुझ्या डोळ्यांना पाणी यायचं. ते मला आवडायचं नाही. मी हाकलून द्यायचे तुला. तू दाराबाहेर जाऊन उभी राहायचीस.

घरी आल्यावर हात वर करायला बंदी होती. हाड जुळेपर्यंत पाण्याची कळशी उचलायची नाही, दाराची वरची कडी काढायची नाही, कुशीवर निजायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. तेव्हा तू माझी वेणी घालायला लागलीस. रोज सकाळी, बस्तीला जायच्या आधी. मला सांगायचं आहे की तू फार वाईट वेणी घालायचीस. ओढून, करकचून, जणू माझ्यावरचा कुठला तरी जुना राग त्या केसांतून काढत होतीस. मी ओरडले की म्हणायचीस, "छातीला तार हाय, डोक्याला न्हाय. गप बस." पण एक दिवसही चुकला नाही. तुझ्या अंगात ताप होता त्या दिवशीसुद्धा तू येऊन माझ्या मागं बसलीस, आणि तुझी बोटं माझ्या मानेला चटका लागावा इतकी गरम होती. त्या वेण्यांबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही. आता बोलायचं तर तू ऐकत नाहीस. तेव्हा राहू दे.

मग त्या लोखंडाचा संसार सुरू झाला. रोजची ती बारीक गोळी, आणि आपल्याकडं सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही म्हणून ती दिवस असतानाच गिळायची. चातुर्मासात पालेभाजी बंद झाली की त्या गोळीचा जोर वाढायचा आणि माझं रक्त नको तितकं पातळ व्हायचं. हिरड्यांतून रक्त यायचं, नुसतं कोपराला लागलं तरी काळंनिळं पडायचं. डॉक्टर म्हणायचे, खाण्यात एकसारखेपणा ठेवा. तू म्हणायचीस, धर्म डॉक्टरला विचारून होत नसतो. मी मध्ये बसून सुई टोचून घ्यायचे.

आणि तो आवाज. बाहेर शांत असलं की माझी झडप ऐकू येते. टिक, टिक, टिक. दोघींचे नवरे गेल्यावर आपण एका खोलीत झोपायला लागलो तेव्हापासून तुला त्याचा जाच. दुपारी जरा डोळा लागायच्या वेळी तू भिंतीकडं तोंड करून म्हणायचीस, "अक्का, तुझं घड्याळ बंद कर की. झोप येत न्हाय."

"तूच चावी दिलीयास. आता भोग."

तुझी आणखी एक गोष्ट मला स्वातीनं सांगितली आहे. मी मुलीकडं मिरजेला गेले होते तेव्हा तू जेवणानंतर खोलीत जायचीस आणि थोड्या वेळानं उठून बाहेर यायचीस. स्वातीनं विचारलं तर म्हणालीस, "आवाज न्हाय, तर झोपच येत न्हाय, मेला." मी परत आले तेव्हा हे तू मला सांगितलं नाहीस. उलट पहिल्याच दुपारी म्हणालीस, "आलं परत घड्याळ."

तुझी पाळी आली तेव्हा तुझी पंच्याहत्तरी होऊन गेली होती. उन्हाळ्यात गच्चीवर शेवया वाळत घातल्या होत्या आणि तू जिन्यातच भोवळ येऊन बसलीस. तोच आजार, तोच चुना. मला तेव्हा जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं माझ्या छातीवर तू डॉक्टरकी केलीस, आता तुझी बारी, असं आलं मनात. मग तुझे रिपोर्ट आले आणि बरं वाटायचं थांबलं.

या खेपेचे डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, दोन रस्ते आहेत. छाती उघडायची, नाहीतर मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार घालून, घडी घातलेली झडप वर नेऊन जागेवर उघडायची. कमी वयाच्या माणसाला ते अजून बऱ्याचदा छाती उघडायचाच सल्ला देतात, कारण त्यातली झडप किती वर्षं टिकते हे जास्त ठाऊक आहे. पण तुझं वय, तुझी फुफ्फुसं आणि तुझी किडनी बघता त्यांना मांडीचा रस्ता बरा वाटत होता.

"कापायचं न्हाय न्हवं?" तू विचारलंस.

"मांडीत बारीक भोक. बहुतेकांना पुरी भूलही लागत नाही."

"आन जुनी झडप?" हे मी विचारलं.

"ती काढायची नाही, आजी. नवी तिच्या आतच उघडते आणि जुनीला कडेला दाबून बसते."

"म्हंजे कचरा आतच? वर नवं फडकं?"

ते हसले. तू हसली नाहीस. मी पुढं विचारलं, "आन ती झडप कशाची?"

"गाईच्या हृदयावर एक पातळ आवरण असतं, त्याची."

"धातूची न्हाय मिळत?"

"या रस्त्यानं नाही. घडी घालून न्यावी लागते ना. धातूच्या झडपेची घडी होत नाही. धातूची पाहिजे तर छाती उघडायला लागेल."

तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलीस, जणू तिथं तिथी शोधत होतीस. अजित म्हणाला, "आई, घरी जाऊन ठरवूया." तू म्हणालीस, "ठरलंय. मांडीतनंच करा."

गाडीत बसल्यावर मी सोडलं नाही तुला. मी सोडणारी नव्हे.

"मला लोखंड घातलंस, आन सोताला गाय घेतलीस व्हय गं?"

तू खिडकीबाहेर बघत होतीस.

"आमच्यात चालत न्हाय, म्हटलंतंस. आता कसं चाललं? का गाईनं येऊन सांगितलं तुला?"

"काकू, असू दे की," अजित पुढून म्हणाला.

तेव्हा तू वळलीस. "अक्का, मी तुला रोज विंचरलंय. तुझी छाती मी बघितलीया, तू बघितली न्हाईस. तू आरशात वरनं बघितलीस. मी जवळनं बघितलीया. तसलं मला सोसायचं न्हाय."

हे तुझं उत्तर खरं होतं. पण मी ऐकून घेतलं तर मी कसली? मी म्हटलं, "मग माझ्या येळंला ही अक्कल कुठं गेलती? त्या येळंला पडद्याची घातली असती तर छाती फाटायची ती फाटलीच असती, पर ही रोजची गोळी तरी चुकली असती." तू म्हणालीस, "त्या येळंला मरत तू होतीस. दुसऱ्याच्या मरणावर धर्म पाळाय सोपा असतोय." असं बोललीस तू, आणि वर हसलीस. अजितनं रेडिओ मोठा केला.

बस्तीत कुणाला विचारायला तू गेली नाहीस. मी म्हटलं, मुनी महाराज जवळच चातुर्मासाला आलेत, विचारून घे, तुझ्या जिवाला बरं वाटेल. तर म्हणालीस, "आन नको म्हटले तर?"

राखी झाल्यावर तुझं ऑपरेशन झालं. आणि विमल, मी तोंडावर सांगते, मला हेवा वाटला. मी अतिदक्षता विभागात होते तेव्हा मला माझं नाव आठवत नव्हतं. तू दुसऱ्या दिवशी पलंगावर उठून बसली होतीस, मांडीला चिकटपट्टी, समोर चहा. मी आत आले तशी तू उशाची फणी घेतलीस, दोन्ही हात वर केलेस आणि सावकाश, मला दाखवत, केस विंचरलेस. मधला भांग काढलास. वेणी घातलीस. एवढं सगळं करून म्हणालीस, "बघ. हात वर जातोय."

मग मला वाकायला लावलंस. "कान लाव. काय वाजतंय? कायबी न्हाय. गाय गप हाय."

मी कान लावला. खरंच काही नव्हतं. म्हणजे असेल, पण माझ्याच छातीतल्या टिकटिकीत मला ऐकू आलं नाही.

तुला घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. झडपेच्या अगदी शेजारून हृदयाला ठोका देणारी करंटची वाट जाते. नवी झडप बसताना तिला धक्का लागू शकतो. आत्ता ईसीजीची पट्टी चांगली आली आहे, पण काही जणांना हा त्रास घरी गेल्यावर उशिरा होतो. चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर वाट बघत बसू नका, लगेच फोन करा. लागलं तर ठोका द्यायचं मशीन बसवू. हे त्यांनी मराठीत सांगितलं, आणि दोनदा सांगितलं. मी ऐकलं, अजितनं ऐकलं, स्वातीनं ऐकलं, तू मान हलवलीस. म्हणून मी डॉक्टरला बोल लावणार नाही, आणि कुणी लावायला लागलं तर त्यालाच बोलेन.

घरी बघायला बायका आल्या. माझ्या वेळी आल्या होत्या तेव्हा दारातच आवाज खाली यायचा, कारण गळ्याखालून निघालेली ती लांब चीर झाकली तरी दिसायची. तुला बघायला आल्या त्यांना काहीच दिसेना. तू सांगायचीस, "बिनटाक्याचं हाय. डोळ्याचं करत्यात की, तसंच." दोन्ही डोळ्यांचं तू तसंच करून घेतलं होतंस आणि संध्याकाळी भाकरी थापायला बसली होतीस. त्यांनाही ते पटलं. एकजण तर म्हणाली, "मग काय, मांडीला मुंगी चावल्यागत." तू हसलीस. मोठ्या चिरेला माणसं भितात आणि भिऊन तरी तिला जपतात. सुईच्या भोकाला कोण जपणार? चार दिवसांत तू कणिक मळत होतीस. मी बस म्हटलं तर म्हणालीस, "तू तीन महिनं राणीगत बसलीस, म्हणून काय सगळ्यांनी बसायचं?"

मग भादव्यातलं आपलं दहा दिवसांचं उपासांचं पर्व लागलं. पहिल्याच दिवशी तू सांगितलंस की दहाही दिवस एकभुक्त करणार, दिवसातून एकदाच जेवण आणि तेव्हाच पाणी. स्वाती म्हणाली, डॉक्टरांनी औषधं खाऊन घ्यायला सांगितली आहेत. तू म्हणालीस, एकदा खाते न्हवं, तेव्हाच घेईन सगळी.

मी तुला मोरीजवळ गाठलं. "हे कशासाठी? दर वर्षी तर एकच उपास धरतीस."

"गाईसाठी," तू म्हणालीस.

मी तोंडाला आलं ते बोलले. "गाय मेली कवाच. तिला तुझ्या जेवणाचं काय पडलंय?"

"तिला न्हाय पडलं. मला पडलंय."

कुणी म्हणेल, गाडीतल्या माझ्या टोमण्यामुळं तू उपास धरलास. म्हणू दे. आयुष्यात तू माझं ऐकून एक गोष्ट केली नाहीस. भाजीत मीठ घातलं नाहीस माझं ऐकून. मग हीच एक का केलीस?

पर्वात चौथ्या की पाचव्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिलीस. डोळे मिटलेले. मी म्हटलं, काय गं? तू म्हणालीस, "उपासाचं हाय." दुसऱ्या दिवशी बस्तीच्या खांबाला टेकून बसलीस. शेजारच्या बाईनं पदरानं वारा घातला आणि म्हणाली, "एकभुक्त सोपं न्हाय हो या वयाला." तिथं बसलेल्या निम्म्या बायकांना त्या दिवसांत भोवळ येत होतीच. आपल्यात भादव्यात चक्कर येणं म्हणजे आजार नव्हे. उलट मान आहे त्यात. कुणी त्या बाईला डॉक्टरकडं नेत नाही, तिच्या पाया पडतात. तुझ्याही पडल्या दोघी.

आपण भांडलो, पण ते उपासावरून. मी म्हणत होते खा, तू म्हणत होतीस खाणार नाही. चक्कर कशाची, हे दोघींनीही धरूनच चाललं होतं. स्वातीला शंका आली, खरं तर. ती म्हणाली, "आई, एकदा फोन करूया का डॉक्टरांना?" तू म्हणालीस, "चतुर्दशी होऊ दे. पारणं करते, मग जाऊ." पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "तिला काय सांगतीस? दगड हाय तो. भाकरी खाल्ली की थांबतंय सगळं."

आणि कदाचित तुला आतून कळत होतं. मशीन बसवायचं म्हणजे परत दवाखाना, खांद्याखाली चीर, टाके. म्हणजे मी जिंकले. "बिनटाक्याचं न्हवं का गं?" असं मी म्हटलंच असतं. हे मी तुझ्यावर लादते आहे का, ठाऊक नाही. तू असतीस तर विचारलं असतं, आणि तू खोटं सांगितलं असतंस.

चतुर्दशीच्या आधीच्या सकाळी तू न्हाऊन खिडकीशी बसलीस. समोरच्या मंडळाच्या गणपतीची गाणी सकाळपासून कान फाडत होती. मी पलंगावर बसून चष्मा पुसत होते. तू दोन्ही हात वर केलेस, केसांत फणी घातलीस, अर्ध्या डोक्याची गुंतावळ काढलीस. "अक्का," असं म्हणालीस. मी म्हटलं, "काय?" तू त्याच्या पुढं बोलली नाहीस. हात खाली आले, फणी केसांतच राहिली, आणि तू भिंतीकडं कललीस, दुपारी झोपायच्या वेळी कलायचीस तशी.

अजितनं छाती दाबली. रुग्णवाहिका आली. त्यांनी बघितलं आणि गेले. तरुण डॉक्टर संध्याकाळी स्वतः घरी आले. ते म्हणाले, झडप शेवटच्या तपासणीत उत्तम उघडत होती. बहुतेक ठोक्याची वाट बंद पडली असावी. नक्की कळायचं तर शरीर उघडून बघायला लागलं असतं. अजित नको म्हणाला, मीही नको म्हटलं. कापून घ्यायचं नाही म्हणून तू गाईच्या पाया पडलीस, तुला मेल्यावर कोण कापून घेऊ देणार?

लोक आता मला विचारतात, कारण मी दोन्ही बघितली. छातीचं चांगलं की मांडीचं? मी सांगते, तुमच्या डॉक्टरला विचारा, वय बघा, अंग बघा. माझं दुखणं बोंबलत आलं आणि बोंबलत राहिलं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. तुझं गप्प होतं. गप्प दुखण्याकडं कान लावून बसायला लागतं. तुझ्या वयाला मीही मांडीचंच करा म्हटलं असतं. पण मग तुला पलंगाला बांधून ठेवलं असतं, आणि चक्कर आल्या आल्या फोन केला असता, मग तो भादवा असो की काही असो. एवढं मी त्या बायकांना सांगते. त्या मान हलवतात, तू हलवलीस तशी.

आता शेवटचं, जे तू बघितलं नाहीस.

तुला अंघोळ घातल्यावर बायका साडी नेसवत होत्या. केस तसेच होते, अर्धे मोकळे झालेले, अर्धे गुंतलेले. स्वाती फणी घेऊन पुढं आली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि तुझ्या उशाशी बसले. उरलेली अर्धी बाजू मी सोडवली. ओढलं थोडं, तू मला ओढायचीस तसं. मग तीन पेड केले.

तेवढ्यात कुणीतरी समोर जाऊन मंडळाच्या पोरांना सांगितलं, आणि त्यांनी स्पीकर बंद केला. एकदम सगळं गप्प झालं. इतकं, की बायकांच्या बांगड्या ऐकू यायला लागल्या. आणि मग ते ऐकू यायला लागलं. टिक, टिक, टिक.

निपाणीहून तुझी भावजय आली होती. तिनं इकडं तिकडं बघितलं. "कुणाचं घड्याळ वाजाय लागलंय? बंद करा की कुणीतरी. अशा येळंला बरं दिसत न्हाय."

बायका भिंतीकडं बघायला लागल्या. स्वातीनं खाली मान घातली. मी वेणीचं टोक बांधलं, ती तुझ्या खांद्यावरून पुढं घेतली, आणि म्हटलं, "राहू दे, पावणं. तिला त्याच्याबिगर झोप लागत न्हाय."